तियानाच्या गुडघ्यांना लागणारा वारा

दारिंकानं आडनावाचं पहिलं अक्षर दाबलं आणि ते पडद्यावर उमटलंच नाही. तिनं पुन्हा दाबलं नाही. दोनदा दाबलं की मागाहून दोन्ही अक्षरं एकदम येतात आणि एक खोडायला आणखी तेवढाच वेळ जातो, हे तिला गेल्या महिन्याभरात पुरतं कळून चुकलं होतं. ती बोट तसंच ठेवून थांबली. समोर एक द्राक्षवाला शेतकरी टोपी कुस्करत उभा होता, त्याच्या मागे जिन्यापर्यंत रांग होती, आणि सगळ्यांच्या कपड्यांना रसाचा आंबूस वास येत होता. त्या थांबण्यात तिला नको ते ऐकू आलं. दाराजवळच्या आपल्या टेबलावरून वितोमिर हलक्या आवाजात तियानाला विचारत होता, "काय, आज गुडघ्यांना वारा नाही ना लागत?" तियाना त्याहून हलक्या आवाजात म्हणाली, "छे हो, अगदी बंद झाला. देव भलं करो तुमचं." मग पडद्यावर अक्षर उमटलं. दारिंकानं पुढचं अक्षर दाबलं आणि पुन्हा थांबली. बंद झाला म्हणजे काय, कुठला वारा, कुणी बंद केला, आणि या दोघांचं हे सगळं आपल्या नाकासमोर होऊन आपल्याला पत्ता कसा नाही?

संगणक जुना होता, पण जुना असणं हा काही गुन्हा नव्हे. वर्शात्स गावच्या त्या सहकारी संस्थेत तिथली माणसंही जुनीच होती. सुगीच्या दिवसांत दारिंका बसल्या जागी अख्ख्या टेकडीची द्राक्षं नोंदवायची. नाव, गाव, द्राक्षाची जात, वजन, गोडी, पावती, पुढचा. यंत्र धड चालत होतं तोवर तिला मान वर करायला फुरसत नव्हती. आता प्रत्येक अक्षरामागे एक रिकामी जागा पडायला लागली होती आणि त्या जागेत करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून ती बघत बसायची. मत्सर करायला सवड लागते. ती सवड तिला या यंत्रानं दिली. त्या सवडीत तिला दिसलं की वितोमिर आता रोज दाढी करतो. पूर्वी दुपारपर्यंत खुर्ची न सोडणारा हा माणूस हल्ली उगीचच उठून कपाट उघडतो, आत बघतो, बंद करतो, आणि जाता येता तियानाच्या टेबलापाशी रेंगाळतो. तिला दिसलं की तियाना केसांत पेन्सिल खोचते आणि काही आठवेनासं झालं की ती उपसते, मग केस खांद्यावर पडतात. ते केस पडताना वितोमिर खिडकीबाहेर बघतो. इतका शहाण्यासारखा बाहेर बघतो की दारिंकाला त्याला ओरबाडावंसं वाटतं.

तियाना काही पोरसवदा नव्हती. चाळिशी ओलांडलेली, नोवी सादहून नवऱ्याला सोडून आलेली, बोलायला गोड आणि कामाला चोख. पंचविशीची असती तर दारिंकाला एवढं लागलं नसतं. म्हाताऱ्याला चळ लागला म्हणून ती मनातल्या मनात हसली असती. पण चाळिशीची बाई म्हणजे थट्टेचा विषय नव्हे. दारिंका स्वतः चाळिशीची होती तेव्हा याच खोलीत, याच खिडकीखाली बसत होती आणि तेव्हाही वितोमिर तिथेच दाराजवळ, पाठीशी गरम पाइप घेऊन बसलेला असायचा. त्या वेळी त्याची बायको होती. दारिंकाच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडील होते. पुढे दोघंही गेले, आधी तिचे वडील, मग त्याची बायको. आणि मग खोलीत काही बदललं नाही. एकदा, पहिला बर्फ पडला त्या दिवशी, वितोमिर जांभई देत म्हणाला होता, "आपण दोघं इथेच म्हातारे होणार बघ, दारिंका." तो बोलून विसरला असेल. दारिंकानं ते वाक्य घरी नेलं, आणि पुढं कित्येक वर्षं रात्री दिवा घालवल्यावर ती ते बाहेर काढून बघत आली. 'आपण दोघं' हे शब्द दुसऱ्या कुणी तिच्यासाठी वापरले नव्हते.

सकाळी व्यवस्थापक स्तानिमिर दारातूनच बोलून गेला होता. "दारिंका, लोक खाली शिव्या घालतायत. आज गोयको येतोय बघायला. दुपारपर्यंत यंत्र धड झालं तर ठीक, नाहीतर उद्यापासून तुम्ही काट्याच्या खोलीत बसा. तिथं नवा संगणक आहे. वरचं तियाना सांभाळेल." काट्याची खोली म्हणजे अंगणापलीकडची, वजनकाट्याशेजारची पत्र्याची टपरी. दिवसभर ट्रॅक्टरची घरघर आणि पायाखाली चिखल. पण दारिंकाला त्या चिखलाचं काही नव्हतं. वर ही दोघं आणि खाली आपण, एवढंच तिला दिसत होतं. ही दोघं वर काय बोलतात, कधी हसतात, ते तिला खालून कळणार नव्हतं, आणि न कळता ते दहापट वाढून तिच्या डोक्यात चालू राहणार होतं. खोली गेली की सगळं गेलं. हे तिला इतकं स्वच्छ कळलं की पुढच्या शेतकऱ्याचं नाव तिनं दोनदा विचारलं.

गोयको आला तो जिन्यापासूनच बोलत आला. संस्थेची सगळी यंत्रं हाच दुरुस्त करायचा. गडी पन्नाशीचा, पोट सुटलेला, आणि गप्प बसणं त्याला अपमानासारखं वाटायचं. रांगेतल्या लोकांना त्यानं खाली पिटाळलं. "अर्ध्या तासाची सुट्टी घ्या रे सगळ्यांनी!" वितोमिर आणि तियाना लगेच उठले. कोपऱ्यावरच्या बेकरीतून पापुद्र्यांचा गरम बुरेक आणतो म्हणाले. एकट्याला आणता आला नसता काय बुरेक, दारिंकाच्या मनात आलं. जिन्यावर दोघांची पावलं वाजत गेली. एक जड, एक हलकं, आणि खालच्या वळणावर ती एका तालात पडायला लागली. तिनं ती शेवटपर्यंत ऐकली.

"कधीपासून असं करतंय?" गोयकोनं विचारलं.

"सुगी सुरू झाल्यापासून. सकाळी बरं असतं. तास-दीड तासानं मेल्यासारखं होतं."

"माझ्या सासूसारखं. सकाळी तुरुतुरु, दुपारनंतर हाक मारली तर संध्याकाळी ओ देते." तो तिच्या खुर्चीत बसला आणि एकेक बघत गेला. उगीच उघडून ठेवलेलं बंद केलं, जुनं साचलेलं पुसलं, कुठे कीड लागली का ते तपासलं. दारिंका मागे उभी राहून त्याच्या खांद्यावरून बघत होती, पण तिचं मन बेकरीत होतं. तिला दिसत होतं की वितोमिर काउंटरपाशी तियानाला पुढं जाऊ देतोय, चीजचा घेऊ की मांसाचा असं विचारतोय. दारिंकाला त्यानं असं कधी विचारलं होतं? एकदाही नाही. तो तिच्यासाठी चीजचाच आणायचा. तिला चीजचा आवडतो हे त्याला माहीत आहे म्हणून आणतो, असं ती समजत आली होती. आज पहिल्यांदा तिला वाटलं की कदाचित तो स्वस्त असतो म्हणून आणत असेल. असं वाटल्याबद्दल तिनं स्वतःला झापलं आणि लगेच पुन्हा तेच वाटलं. बाहेर कोशावा, तो तिकडचा झोंबरा गार वारा, सुटला होता. खिडकीची चौकट वाजत होती आणि फटीतून येणारा गार वारा नेहमीप्रमाणे तिच्या कमरेवर बसत होता. त्या खिडकीखाली ती किती हिवाळे बसली! पाठीशी उशी ठेवली, कमरेला लोकरी पट्टा बांधला, मूत्रपिंडं सुजून एकदा आठवडाभर पडली. वितोमिर फळं घेऊन भेटायला आला होता. खिडकीच्या फटीत कागदाचा बोळा मात्र त्यानं कधी कोंबला नाही.

"आत सगळं ठीक आहे," गोयको म्हणाला. "मग हा रडतोय कशाला?" त्यानं टेबलाच्या कडेला उभ्या असलेल्या संगणकाच्या डब्यावर तळहात ठेवला आणि चटकन उचलला. "अगं आई गं! यावर अंडं तळ. दारिंका, जरा सरक, मागून बघू दे." डब्याची पाठ पलीकडे, तियानाच्या टेबलाकडे होती. पूर्वी तिथं फायलींचं कपाट होतं. तियाना आली तेव्हा ते हलवून तिचं टेबल दारिंकाच्या टेबलाला भिडवून मांडलं होतं, तेव्हापासून डब्याची मागची बाजू दारिंकाला दिसलीच नव्हती. गोयको धापा टाकत तियानाच्या टेबलाखाली शिरला आणि तिथून त्याचं हसू ऐकू आलं. "हे बघ, बाई! तुझ्या यंत्राला कुणीतरी स्वेटर घातलंय!" चिकटपट्टी ओरबाडल्याचा आवाज आला, आणि मग त्यानं एक धुळीनं भरलेली, चौपदरी घडी घातलेली, हाताला ऊन लागणारी लोकर तिच्या हातात दिली. "पंख्याच्या तोंडावर बसवलं होतं. आतली गरम हवा बाहेर जायची वाटच बंद. तापलं की ही यंत्रं आपणहून हळू चालतात, जळू नयेत म्हणून. शहाणं आहे बिचारं."

दारिंकानं घडी उलगडली. गडद हिरवी लोकर, दोन्ही टोकांना करडे काठ, मधोमध वेणीची वीण. एका जागी वेणी उलट्या बाजूला वळली होती. ती चूक तिला दुसऱ्या दिवशी दिसली होती आणि उसवायचा तिला कंटाळा आला होता. चूक अजून तिथंच होती. ती तियानाच्या खुर्चीत बसली.

वितोमिरची बायको गेली त्या हिवाळ्यात तो उघड्या गळ्यानं हिंडायचा. लोकांना ते दिसत नव्हतं. दारिंकाला दिसत होतं. तिनं वडिलांच्या खोलीत बसून तो गळपट्टा विणला. खोली तेव्हा रिकामी झालेली होती आणि हाताला काम हवं होतं. पण द्यायचा कसा? वर्ष न झालेल्या विधुराला एका अविवाहित बाईनं हातानं विणलेलं काही देणं म्हणजे गावभर डंका. मग त्याच्या घराण्याच्या संताचा दिवस आला, डिसेंबरातला, संत निकोलाचा. त्या दिवशी कुणी कुणाला बोलावत नाही, आठवण असेल तो येतो. दारिंका वाइनची बाटली आणि चॉकलेटचा डबा घेऊन गेली, उकडलेल्या गव्हाचा एक चमचा खाल्ला, मेणबत्तीपुढं क्रूसाची खूण केली, इतर बायकांमध्ये बसली. निघताना कोटांच्या खोलीत ती एकटी होती. पलंगावर पाहुण्यांच्या कोटांचा ढीग, आणि दारामागच्या खुंटीवर त्याचा काळा कोट. तिनं पिशवीतून गळपट्टा काढला आणि त्याच्या कोटावर टांगला. चिठ्ठी नाही, शब्द नाही. त्याला कळेल, तिनं ठरवूनच टाकलं होतं. सोमवारी तो कामावर आला तेव्हा गळपट्टा त्याच्या गळ्यात होता. त्यानं तिला "सुप्रभात" म्हटलं आणि ती म्हणाली "सुप्रभात". त्या दिवसाइतकी सुखी ती पुन्हा कधी झाली नाही. तो हिवाळाभर त्यानं तो वापरला, पुढच्या वर्षी अधूनमधून, नंतर दिसेनासा झाला. जपून ठेवला असेल, असं ती म्हणत आली. बोलण्याची गरज नाही, त्याला माहीत आहे आणि मला माहीत आहे, या एका गोष्टीवर तिनं इतकी वर्षं काढली. आणि आता तो इथं होता. ऊन ऊन, धुळीनं भरलेला, दुसऱ्या बाईचे गुडघे सांभाळत. त्याला माहीत असताना त्यानं हे केलं, तिच्या डोक्यात घण पडत होते. माझ्या हातचं, माझ्याच यंत्राच्या तोंडात कोंबलं, तिच्यासाठी. मला इथून खाली हाकलण्यापर्यंत वेळ आली ती यानं. तिला रडू येत नव्हतं. तिला दोघांचीही तोंडं बुरेकात दाबावीशी वाटत होती.

"अगं, काय झालं?" गोयको टेबलाखालून बाहेर आला होता. "पांढरी पडलीस. वारा लागला का काय? खिडकीखाली बसतेस, काय ते. माझा मेव्हणा बसच्या खिडकीशी बसून गेला, दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं."

जिन्यावर पुन्हा ती पावलं वाजली. दोघं आत आले, कागदातून वाफा येत होत्या, तियानाचे गाल वाऱ्यानं लाल झाले होते. गोयकोला राहवलं नाही. "वितोमिर, खरं सांग, यंत्राला गळपट्टा तू घातलास ना?"

वितोमिर आधी गोंधळला आणि मग मोठ्यानं हसला. शाळकरी पोर पकडलं जावं तसा कानापर्यंत लाल झाला. "आयला! त्यानं बिघडलं होय? अरे, तिच्या गुडघ्यांवर सारखा फुर्र फुर्र वारा यायचा. बाई आजारी पडली असती. सांधे धरले असते."

"अरे शहाण्या, तो वारा गरम असतो."

"गरम असो नाहीतर गार, वारा तो वाराच," वितोमिर म्हणाला, आणि यावर गोयकोलाही मान डोलवावी लागली. मग वितोमिर दारिंकाकडे वळला. "माफ कर हं, दारिंका. तुझं यंत्र बंद पडेल असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

त्याच्या चेहऱ्यावर दारिंकानं शोधलं. शरम, निदान एक चोरटी नजर, काहीही. तिथं फक्त ओशाळलेलं हसू होतं. तेवढ्यात तियानानं तिच्या हातातून गळपट्ट्याचं टोक उचललं, धूळ झटकली आणि उजेडाकडे धरलं. "अहो वितोमिर, हे हातचं विणलेलं आहे. किती बारीक वीण! मला वाटलं तुम्ही एखादं फडकं लावलंत. असलं कुणी पंख्यात कोंबतं? कुणी दिलं तुम्हाला?"

"कुणी कुठं दिलं? मागे आमच्याकडे निकोलाच्या दिवशी कुणीतरी पाहुणा विसरून गेला. माझ्या खुंटीला लटकत होता. विचारायला कुणी आलं नाही, मग मीच वापरला. नंतर खणात पडून होता." त्यानं बुरेकचा कागद सोडला. "कुणा म्हाताऱ्या मावशीचं काम दिसतंय. बघ, इथं वेणी चुकलीय."

गोयको आपल्या तारा गुंडाळत होता. दारिंकाला वाटत होतं की आपण अजून रागावलेलो आहोत, पण तिनं राग चाचपून पाहिला तर तो धरायला काही उरलं नव्हतं. जाणूनबुजून कोंबला असता तर बरं झालं असतं. मग तिच्याऐवजी त्याला दुसरी कुणी आवडली असं झालं असतं, तिचं काहीतरी होतं आणि ते गेलं असं झालं असतं. कुणी पाहुणा विसरला! 'सुप्रभात' आठवून तिच्या कानशिलांना कढ आले. तिनं वर पाहिलं. तियाना तिच्याकडेच बघत होती. गळपट्ट्याकडे, मग दारिंकाच्या बोटांकडे, मग पुन्हा तोंडाकडे, आणि तियानाचे डोळे भरून येत होते. तिनं गळपट्टा नीट घडी करून दारिंकाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला, एखाद्याचं दुखणं उघडं पडू नये म्हणून पांघरूण ओढावं तसा. त्या क्षणी दारिंकाला तिचा जेवढा संताप आला तेवढा महिनाभरात कधी आला नव्हता. जे त्याला इतक्या वर्षांत दिसलं नाही ते या बाईला बसल्या जागी दिसलं.

फोन वाजला. स्तानिमिर होता. "काय ठरलं, दारिंका? खाली टेबल रिकामं करून घेऊ का?"

दारिंकानं फोन कानाशी धरूनच आपल्या टेबलाशी येऊन कळफलकावर एक अक्षर दाबलं. ते तत्क्षणी उमटलं. मग तिनं अख्खं आडनाव लिहिलं, गाव लिहिलं, द्राक्षाची जात लिहिली. सगळं बोटांबरोबर धावत होतं. "चालतंय," ती म्हणाली. "मी इथेच आहे."

"वा!" वितोमिरनं टाळी वाजवली. आपलं पाप धुतलं गेल्याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता. "गोयको, जाऊ नकोस, बस. आता दारिंकाच्या हातची कॉफी झाली पाहिजे. चल, दारिंका."

दारिंका उठली. कपाटावरच्या छोट्या शेगडीवर तिनं लांब दांड्याचं पितळी भांडं ठेवलं आणि त्यात पाणी ओतलं. या खोलीतली कॉफी ती करायची आणि कोण कशी घेतं ते तिचे हात डोक्याला न विचारता करायचे. तिनं साखरेचा डबा उघडला, चमचा आत घातला, आणि तिचा हात थांबला. मागे तियानाच्या खुर्चीचा पाय करकरला. खिडकीची चौकट वाजत होती.

"वितोमिर," तिनं न वळता विचारलं, "तू साखर किती घेतोस?"

तो हसला. "मला विचारतेस? इतक्या वर्षांनी?"

"हो. किती घालू?"

"तू घालतेस तेवढी घाल की."

"ती किती?"

तो पुन्हा हसायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्यानं तियानाकडे पाहिलं. तियाना मान खाली घालून बुरेकच्या कागदाच्या घड्या घालत होती. गोयकोकडे पाहिलं, तर गोयकोला एकाएकी आपल्या हत्यारांच्या पेटीत फार काम निघालं होतं. वितोमिरनं कपाळाला हात लावला. "एक असेल… की दीड? दारिंका, काय ही थट्टा. तुला माहीत आहे."

"नाही आठवत मला," दारिंका वळून म्हणाली. भांड्यातलं पाणी आवाज करायला लागलं होतं. "किती चमचे, वितोमिर?"

"खरंच सांगतो, मला नाही माहीत," तो म्हणाला, आणि काहीतरी हरवलं की माणूस घरातल्यांकडे बघतो तसा तो तिच्याकडे बघत राहिला. दारिंकानं रिकामा चमचा डब्याबाहेर काढला, झाकण लावलं आणि उकळत्या पाण्यात कॉफी घातली.